भार आणि भारदस्तपणा



जुन्या राजेशाही मोटारींचे वजन कसे घटले आणि त्यांची चाल कशी सुधारली, हा माझा आजचा विषय. वैशाखातल्या चंद्रपुरात दिवसभराची काहिली सोसून आपण इतक्या संख्येने येथे आलात आणि वक्ता बोलणार राजेरजवाड्यांच्या मोटारींविषयी! आपल्यापैकी कोणाच्या मनात आले असेल की, ह्या विषयाशी आमचा काय संबंध? शंका रास्त आहे. म्हणून मी मोटारीपासून आरंभ करीत नाही. आपल्या परिचयाच्या बैलगाडीपासून करतो.

आपल्या भागात बैलगाडीच्या तीन जाती होत्या. पहिली बंडी. धानाची पोती, लाकूडफाटा, खत, काय वाटेल ते वाहणारी, जाड आखाची आणि रुंद चाकांची. दुसरी दमणी. मालगुजाराच्या घरची ही गाडी. वर छत, आत गादी, बाजूंना पडदे, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा. तिसरा छकडा. शंकरपटात धावतो तो. जवळजवळ सांगाडाच, एक माणूस कसाबसा उभा राहील एवढा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट बंद झाले होते, ते डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा सुरू झाले. तेव्हा तरुण मंडळींनीही छकडा पाहिला असेल.

आता लक्ष द्या. लाकूड एकाच रानातले आणि सुतारही तोच. मग बंडी आणि छकडा यांत फरक कशाचा? छकडा करणारा सुतार सगळेच लाकूड सारखे तासून पातळ करीत नाही. आखाला तो धावड्यासारखे चिवट लाकूड घेतो, चाकाला तिवसासारखे, आणि जेथे भार येत नाही तेथले लाकूड काढूनच टाकतो. भार कोठे येतो हे ज्याला कळते, त्यालाच गाडी हलकी करता येते. ज्याला कळत नाही, त्याची हलकी गाडी पटाच्या मध्यावर मोडते. राजेशाही मोटारी हलक्या करण्याचा सारा इतिहास ह्या एका वाक्यात आहे. आजचे माझे काम ते वाक्य उलगडून दाखवणे, एवढेच.

प्रथम वजन गाडीला काय करते ते पाहू. गाडीला मुख्यतः चार कामे असतात : जागची हलणे, चढ चढणे, सरळ वाटेने धावणे आणि थांबणे. ह्या चारही कामांत वजनाचा जाच सारखा नसतो. जागची हलताना वजन दुप्पट असेल तर तितक्याच वेळात तोच वेग गाठायला जोर दुप्पट लागतो. हे कोणत्याही बैलाला ठाऊक आहे.

चढाचा हिशेब थोडा आकडे घालून करू. समजा, माणसांसह २,००० किलोची एक मोटार दहास एक असा चढ चढते आहे. म्हणजे दहा मीटर पुढे गेली की एक मीटर वर. तिला मागे खेचणारी ओढ वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे २०० किलोची. ताशी ३६ किलोमीटर वेगाने हा चढ चढायचा तर केवळ ह्या ओढीवर मात करण्यासाठी सुमारे २७ अश्वशक्ती खर्ची पडतात. तीच गाडी १,५०० किलोची केली तर २० अश्वशक्ती पुरतात. १९०७ च्या सुमारास जगातल्या उत्तम गाडीच्या यंत्राची शक्ती ५० अश्वशक्तींच्या आतबाहेर होती, हे ध्यानात घेतले म्हणजे वाचलेल्या सात अश्वशक्तींचे मोल कळेल. यंत्रात काहीही न बदलता, निव्वळ वजन उतरवून ती हाती लागली.

सपाट रस्त्यावर मात्र गोष्ट निराळी आहे. एकदा वेग धरला म्हणजे तेथे खरा विरोधक वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करणारी शक्ती आठपट लागते. येथे वजन कमी करून फारसे साधत नाही. गाडीचा आकार बदलावा लागतो. ही गोष्ट पुढे कामाला येईल, म्हणून मनात ठेवावी.

चौथे काम थांबण्याचे, आणि ते सर्वांत दुर्लक्षित. २,००० किलोची गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते तेव्हा तिच्या वजनातून जी शक्ती मोकळी होते, तिची सगळी उष्णता केली तर सुमारे २० लिटर थंड पाणी उकळेल. वारा आणि यंत्र त्यातला काही वाटा उचलतात. बाकीचा ब्रेकांना सोसावा लागतो. आणि त्या काळच्या मोटारींना ब्रेक असत ते फक्त मागच्या दोन चाकांना! जड गाडी घाट चढताना मालकाची फजिती करी. उतरताना ती त्याच्या जिवावर उठे.

इतके उघड असूनही राजेशाही मोटारी जड का झाल्या? ह्याचे कारण त्या काळच्या व्यापाराच्या पद्धतीत आहे. आज आपण दुकानात जाऊन अख्खी मोटार विकत घेतो. त्या वेळी उंची मोटारीचा कारखाना केवळ चॅसिस विकत असे. म्हणजे खालचा पोलादी सांगाडा, यंत्र, चाके, पाटे आणि सुकाणू. वरची गाडी बांधायची ती दुसऱ्याच कारखानदाराने, आणि हे कारखानदार पिढ्यानपिढ्या घोड्यांच्या बग्ग्या बांधत आलेले. अॅश नावाच्या लाकडाची चौकट, तिच्यावर पत्रा, जाड काचा, पितळी दिवे, गाद्यागिरद्या, पेट्या आणि वर मजबूत छप्पर. मालकाला हवी असे दमणी आणि हाती पडे दमणीच्या थाटाची बंडी. कारखान्याने चॅसिस कितीही विचारपूर्वक केली, तरी तिच्या पाठीवर काय लादले जाणार हे त्याच्या हाती नव्हते.

हा हव्यास कोठवर जाई याचा नमुना आपल्याच देशात घडला. १९१० साली कलकत्त्यातील रॉबर्ट मॅथ्यूसन नावाच्या एका धनिक इंग्रजाने इंग्लंडमधल्या ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार करवून घेतली. तो हंस चोचीतून वाफेचे फवारे सोडत कलकत्त्याच्या रस्त्यांनी फिरे आणि लोकांची तारांबळ उडवी. पुढे ती गाडी नाभाच्या महाराजांकडे गेली आणि आता ती नेदरलँड्समधल्या हेग शहराजवळच्या लाउमन संग्रहालयात आहे. ऐश्वर्याची हौस म्हणून आपण तिच्याकडे कौतुकाने पाहू. पण चाल म्हणून तिच्याकडे पाहण्यासारखे काही नव्हते.

ह्याच्या उलट उदाहरण पाहायचे तर आपल्याला घाटाच्या वाटेने जायला हवे. आपल्या झाडीपट्टीत रान दाट, पण मोटारीची कसोटी लागेल असे लांबलचक घाट थोडे. म्हणून सह्याद्रीकडे वळू. साल १९०८. इंग्लंडमध्ये चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस यांची पहिली भेट १९०४ साली झाली होती. त्यांची ४०/५० अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची गाडी १९०६ साली लोकांपुढे आली होती. तिच्यातल्याच एका चंदेरी गाडीला 'सिल्व्हर घोस्ट' म्हणत आणि पुढे त्या सगळ्या जातीलाच ते नाव पडले. १९०७ साली त्या गाडीने रॉयल ऑटोमोबाईल क्लबच्या देखरेखीखाली १५,००० मैलांची चाचणी दिली होती. पण ती इंग्लंड-स्कॉटलंडच्या रस्त्यांवर. हिंदुस्थानचे ऊन, धूळ आणि घाट ह्यांत ह्या नाजूक म्हणून समजल्या जाणाऱ्या गाडीचे काय होईल?

फ्रँक नॉरबरी नावाच्या गृहस्थाने ह्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे ठरवले. त्याने ह्याच जातीची एक गाडी मुंबईस आणली आणि तिला 'पर्ल ऑफ द ईस्ट', म्हणजे पूर्वेचे मोती, असे नाव दिले. पश्चिम भारतातील मोटार संघाने मुंबई-कोल्हापूर मार्गावर भरविलेल्या चाचणीत ती उतरली. वाट सुमारे ६२० मैलांची आणि मध्ये सह्याद्रीचे सहा घाट. आजचे डांबरी रस्ते डोळ्यांसमोरून दूर करा. वळणावळणांच्या खडीच्या त्या वाटा बैलगाड्यांसाठी आणि टांग्यांसाठी होत्या. ह्या गाडीने ती चाचणी कोठेही अडून न पडता पार पाडली आणि बक्षिसे जिंकली. पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. एका मराठी दरबारात ही गाडी गेली ती महाराष्ट्राच्या घाटांत स्वतःला सिद्ध करून, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. महाराजांनी तिचा झगमगाट पाहिला असेलच. पण तिची परीक्षा आधीच झालेली होती, आणि ती झगमगाटाची नव्हती.

ह्यानंतर तीन वर्षांनी, १९११ साली, वजन आणि वारा यांचा धडा शिकवणारा प्रयोग इंग्लंडात झाला. नेपियर ही प्रतिस्पर्धी कंपनी होती. तिने लंडन ते एडिंबरो हा प्रवास आपल्या गाडीने सगळ्यात वरच्या गियरमध्ये, म्हणजे गियर न बदलता, करून दाखवला होता. रोल्स-रॉइसने ते आव्हान स्वीकारले. अर्नेस्ट हाइव्ह्स हा चालक पुढे ह्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. त्याने वरच्या एकाच गियरवर लंडनहून एडिंबरोला जाऊन परत येण्याचा प्रवास केला. गॅलनमागे २४.३२ मैल, म्हणजे लिटरमागे साडेआठ किलोमीटरांहून थोडे अधिक, अशी पेट्रोलची काटकसर दिसली. सात लिटरांहून मोठ्या यंत्राच्या राजेशाही गाडीला ही काटकसर त्या काळी थक्क करणारी होती. त्यानंतर तीच गाडी ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी ७८.२६ मैल धावली.

हे साधले कसे? तीन गोष्टी केल्या होत्या. पहिली, वर हलकी, उघडी, बसक्या बाजूंची प्रवासी गाडी बसवली. बंदिस्त दिवाणखाना नव्हे. दुसरी, यंत्राच्या सिलिंडरात वायू पेटण्यापूर्वी जितका दाबला जातो ते प्रमाण वाढवले आणि कार्ब्युरेटर मोठा केला, त्यामुळे तितक्याच पेट्रोलात अधिक काम निघू लागले. तिसरी, मागचे पाटे निराळ्या पद्धतीने टांगले, जेणेकरून गाडी रस्त्याला धरून चालावी. ह्यांत एकही गोष्ट चमत्काराची नव्हती. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला होता : हे कशासाठी आहे आणि ह्याहून कमीत भागेल काय?

पण खरा धडा पुढे आहे. त्याच वर्षी त्याच जातीच्या चॅसिसवर अरुंद, एका माणसापुरती, निमुळती गाडी बसवून ती ब्रुकलँड्सवर धाववली. वेग ताशी १०१.८ मैल! आता आपण मनात ठेवलेली गोष्ट आठवा. ७८ वरून जवळजवळ १०२ मैलांवर जायचे तर त्याच आकाराच्या गाडीला सव्वादोन पटींच्या आसपास शक्ती लागली असती. यंत्र काही सव्वादोन पट मोठे केले नव्हते. म्हणजे हा वेग मुख्यतः वाऱ्याची अडवणूक कमी केल्याने मिळाला. जो केवळ 'हलके करा, हलके करा' असे म्हणतो त्याला ह्या प्रयोगाचे अर्धेच मर्म कळले. चढावर आणि थांबण्यात वजनाची बाजू, सपाटीवर वाऱ्याची. रोग ओळखल्याशिवाय औषध देऊ नये.

ह्याचा पुरावा दुसऱ्याच वर्षी मिळाला, तोही मानहानीच्या रूपाने. १९१२ साली ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वताच्या चाचणीत जेम्स रॅडली याची सिल्व्हर घोस्ट काट्शबर्ग नावाच्या खड्या घाटात थबकली आणि उतारूंना खाली उतरवून तिला वर न्यावे लागले, अशी हकीकत आहे. आपल्याकडे चढावर बंडी अडली की माणसे खाली उतरतात, अगदी तसेच! जगातील सर्वोत्तम म्हणवणाऱ्या गाडीला ही नामुष्की सोसेना. दोष वजनात होता काय? काही अंशी. पण मुख्य दोष असा की, कंपनीने १९०९ च्या सुमारास चार वेगांची गियरपेटी काढून तीन वेगांची बसवली होती, आणि तिचा खालचा गियर त्या चढाला पुरेसा खाली नव्हता. कंपनीने चूक मान्य केली. १९१३ साली चार वेगांची पेटी, वाढवलेली शक्ती आणि अधिक पाणी मावणारा रेडिएटर घेऊन ह्या गाड्या पुन्हा त्याच आल्प्समध्ये गेल्या आणि घाटांत आघाडीवर राहिल्या. येथे काही ठिकाणी वजन घटवले नाही. उलट थोडे वाढवले. गियरपेटीतला एक जोड अधिक, रेडिएटरात पाणी अधिक. पण ते वजन कामाचे होते.

आतापर्यंत आपण गाडीच्या बाहेरच्या वजनाविषयी बोललो. यंत्राच्या पोटातही एक वजन असते आणि ते फार खोडकर असते. सिलिंडरात वरखाली होणारा दट्ट्या, ज्याला आपले मेकॅनिक पिस्टन म्हणतात, तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि दोनदा पळतो. यंत्राची गती दुप्पट केली की त्याला थांबवायला आणि पळवायला लागणारा जोर चौपट होतो. त्या काळी दट्टे बिडाचे असत. म्हणूनच जुनी मोठी यंत्रे मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर धीमेपणाने चालत. त्याहून पळवली की आतले भाग एकमेकांना तोडू लागत.

वॉल्टर ओवेन बेंटली हा तेव्हा लंडनमध्ये डीएफपी नावाच्या फ्रेंच गाड्या विकत असे. १९१३ साली त्या फ्रेंच कारखान्यात टेबलावर कागदांवर ठेवलेला एक शोभेचा छोटा दट्ट्या त्याने पाहिला. तो अॅल्युमिनियमचा होता. दुसरा कोणी ते खेळणे पाहून विसरला असता. बेंटलीच्या मनात आले की, हाच दट्ट्या यंत्रात का नसावा? अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे, आणि उष्णता वाहून नेण्यात बिडाहून सरस. तो उष्णतेने वितळेल, असे जाणकार म्हणत. बेंटलीने ८८ भाग अॅल्युमिनियम आणि १२ भाग तांबे अशा मिश्रणाचे दट्टे करवून घेतले, आणि गाडी पळाली. दट्ट्या वितळला तर नाहीच. उष्णता लवकर बाहेर गेल्यामुळे तो थंड राहिला. पहिल्या महायुद्धात हेच ज्ञान विमानांच्या यंत्रांत गेले, आणि युद्ध संपल्यावर बेंटलीच्या स्वतःच्या नावाच्या गाड्या निघाल्या. त्या गाड्यांनी १९२४ साली आणि पुढे १९२७ ते १९३० अशी लागोपाठ चार वर्षे फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. घरच्या पातेल्याच्या धातूने केवढी मजल मारली पाहा.

विमानांचे ज्ञान मोटारीत परत येण्याचा दुसरा मार्ग म्हणजे हिस्पानो-सुइझा ही गाडी. १९१९ साली निघालेल्या तिच्या एच-सिक्स ह्या जातीत सिलिंडरांचा सारा ठोकळा हलक्या मिश्रधातूचा होता आणि घर्षणाच्या जागी तेवढ्या पोलादी नळ्या बसवल्या होत्या. छकडा करणाऱ्या सुताराचीच ही रीत : झीज सोसायची तेथे चिवट वस्तू, इतरत्र हलकी. त्याच गाडीला चारही चाकांना ब्रेक होते आणि ते दाबायला यंत्राची मदत मिळे. ती युक्ती इतकी चांगली होती की, खुद्द रोल्स-रॉइसने तिचा परवाना घेतला आणि १९२४ पासून आपल्या गाड्यांना चार चाकांचे ब्रेक दिले.

आता लाकडाविषयी दोन शब्द बोलल्यावाचून आलापल्लीच्या सागवानाच्या मुलखातून पुढे जाणे बरे नव्हे. लाकूड म्हणजे मागासलेली वस्तू, असा आपला समज असतो. सागवानाची घनता पाण्याच्या दोनतृतीयांशाच्या आसपास, अॅल्युमिनियमची पाण्याच्या पावणेतीन पट आणि पोलादाची पावणेआठ पटींहून थोडी अधिक. वजनाच्या मानाने पाहिले तर चांगले लाकूड ताठपणात धातूंच्या पंक्तीला बसते. म्हणूनच पहिली विमाने लाकडाची होती. १९२४ साली आंद्रे दुबोने ह्या फ्रेंच रईसाने सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ शर्यतीसाठी हिस्पानो-सुइझाच्या चॅसिसवर नियुपोर ह्या विमानांच्या कारखान्याकडून लाकडाच्या पातळ पट्ट्यांची गाडी बांधून घेतली. हजारो तांब्या-पितळेच्या खिळ्यांनी जोडलेल्या त्या पट्ट्या म्हणजे चाकांवर ठेवलेली होडीच होती. शर्यतीत ती सहावी आली आणि पुढे रस्त्यावरही वापरली गेली.

लाकडाचा दोष त्याच्या सांध्यांत आहे. उन्हाळ्यात ते सुकते, पावसाळ्यात फुगते, आणि आपल्या हवेत तर दोन्ही टोकांना जाते. सांधा सैल झाला की कुरकुर सुरू. आणि कुरकुरणारी राजेशाही गाडी म्हणजे घोरणारा राजा. चार्ल्स वायमन याने ह्यावर फार चतुर तोड काढली. त्याने लाकडाला लाकूड भिडूच दिले नाही. दोन तुकड्यांत थोडी फट ठेवून त्यांना पोलादी पट्ट्यांनी जोडले आणि वरून पत्र्याऐवजी कापड ताणले. गाडी रस्त्याबरोबर किंचित वाके, पण कुरकुरत नसे, आणि वजनाला हलकी असे. १९२० नंतरच्या दशकात अनेक उंची गाड्यांना अशी कापडी अंगे होती. दुसरीकडे १९२२ साली इटलीतल्या लान्सिया कंपनीने सांगाडा आणि वरचे अंग हे द्वैतच मिटवले. लॅम्ब्डा ह्या गाडीचे अंग हाच तिचा सांगाडा झाला. आजच्या बहुतेक मोटारी त्याच मार्गाने चालल्या आहेत.

येथे एक इशारा दिला पाहिजे. हलके म्हणजे कमकुवत नव्हे. ज्या सिल्व्हर घोस्टची चॅसिस एडिंबरोला हलक्या अंगाने गेली, त्याच जातीच्या चॅसिसवर १९१४ नंतर पोलादी चिलखत चढवून युद्धगाड्या केल्या. त्यांचे वजन चार टनांहून अधिक, आणि त्या अरबस्तानच्या वाळवंटात धावल्या. पाटे आणि चाके बळकट केली खरी. पण मूळ सांगाडा तोच. म्हणजे कारखान्याने चॅसिसमध्ये जे वजन ठेवले होते ते नेमके योग्य जागी होते. उगाच भोके पाडून आणि पत्रा पातळ करून हे साधत नाही.

आता ह्या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, ह्या पहिल्या शंकेकडे परत येतो. संबंध माझ्या कल्पनेहून जुना निघाला. १८८२ साली जमशेटजी टाटांच्या वाचनात रिटर फॉन श्वार्ट्झ ह्या जर्मन तज्ज्ञाचा एक अहवाल आला. चांदा जिल्ह्यात, लोहाऱ्याच्या परिसरात, उत्तम लोहखनिज आहे आणि वरोऱ्याचा कोळसा जवळच आहे, असे त्यात होते. हिंदुस्थानात पोलाद करण्याच्या जमशेटजींच्या स्वप्नाला येथूनच चालना मिळाली. परंतु वरोऱ्याचा कोळसा भट्टीच्या कामाचा निघाला नाही. पुढे कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, झाला आणि १९१२ साली तेथे पोलाद निघाले. त्याच टाटा घराण्याच्या मोटार कंपनीने २००८ साली इंग्लंडमधील जॅग्वार आणि लँड रोव्हर हे कारखाने घेतले. २०१२ साली निघालेली त्यांची रेंज रोव्हर ही मोठी राजेशाही गाडी अॅल्युमिनियमच्या अंगामुळे आधीच्या गाडीपेक्षा ४२० किलोपर्यंत हलकी झाली. २०२४ पासून रेंज रोव्हरची जुळणी पुण्यातही होऊ लागली आहे. चांद्याच्या लोखंडापासून निघालेला धागा असा हलक्या गाडीपर्यंत येऊन पोचतो.

पण गोष्ट येथे संपत नाही. वजन परत आले आहे. रोल्स-रॉइसची २०२३ साली आलेली विजेवरची स्पेक्टर ही गाडी सुमारे २,९०० किलोंची आहे आणि त्यात एकट्या बॅटरीचे वजन ७०० किलोंच्या घरात. धूर नाही, आवाज नाही, हे लाभ खरेच आहेत. तरी तो जुना प्रश्न पुन्हा विचारावाच लागेल : हा भार कशासाठी, आणि ह्याहून कमीत भागेल काय?

हा प्रश्न केवळ गाडीच्या मालकाचा नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. वेगवेगळ्या वजनाचे ट्रक आखलेल्या रस्त्यांवर अहोरात्र फिरवले. निष्कर्ष असा निघाला की, एका आखावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही. ती सुमारे सोळा पट होते. भाराच्या चतुर्थ घाताने ती वाढते. ह्या हिशेबाने एक टन आखाची मोटार आणि दहा टन आखाचा ट्रक यांच्या हानीत सुमारे दहा हजार पटींचा फरक आहे. मोटारीचा दोष त्यात नगण्य. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एका आखावरचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आला. वाढ दिसायला तेरा टक्क्यांची. पण ह्याच नियमाने रस्त्यावरचा आघात सुमारे साठ टक्क्यांनी वाढतो. एका फेरीत माल थोडा अधिक जातो, म्हणून फेऱ्या थोड्या कमी होतात, हेही खरे. पण तेवढ्याने ही तूट भरून निघत नाही. कोळशाच्या आणि लोहखनिजाच्या ट्रकांनी गेल्या काही वर्षांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांचे काय केले, ते एटापल्ली-आलापल्लीकडून आलेल्या कोणाही श्रोत्याला सांगायला नको. त्या रस्त्याने रुग्णाला गडचिरोलीच्या इस्पितळात न्यायचे असते तेव्हा खड्ड्यांचा हिशेब मिनिटांत करावा लागतो. भार एकजण वाहून नेतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो.

आणि त्या ट्रकाचे स्वतःचे रिकामे वजन किती? ते एक टनाने घटले तर, आखावर एक किलोही न वाढवता, एक टन माल अधिक जाईल. हलक्या मिश्रधातूंची चाके, अधिक मजबूत पोलादाचे सांगाडे, हे त्याचे मार्ग आहेत. राजेमहाराजांच्या हौसेसाठी जे ज्ञान शंभर वर्षांपूर्वी मिळवले गेले, त्याची आज खरी गरज असेल तर ती ह्या साध्या मालगाड्यांना आहे. सभागृहात अभियांत्रिकीचे विद्यार्थी दिसत आहेत. त्यांना माझी विनंती आहे की, हा प्रश्न दूरचा मानू नये. खनिज आपल्या जिल्ह्यांतले, रस्तेही आपलेच.

आपल्या भाषेत 'भारदस्त' हा मानाचा शब्द आहे. ज्याच्या अंगी भार आहे तो मोठा, असे आपण सहज धरून चालतो. कोल्हापूरच्या वाटेवर सहा घाट ओलांडणारी ती गाडी भारदस्तच होती. पण तिचा मोठेपणा तिच्या वजनात नव्हता, भार योग्य जागी ठेवण्यात होता. हे आपल्या सुताराला छकडा करताना ठाऊक होते. आपण ते विसरू नये.